नळ घरात आला, सांडपाण्याची वाट मात्र जुनीच: काळ्या मातीतलं घर, तुंबलेली न्हाणी आणि भिंतीची ओल

पूर्णाकाठी | २८ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमचं घर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथलं जमिनीतलं पाणी खारं असतं त्या भागात. आई एकटीच राहते, मी अमरावतीहून शनिवार-रविवारी जातो. गेलं वर्षभर न्हाणी तुंबते आहे आणि आता देवघराच्या भिंतीला गुडघ्याच्या वरपर्यंत ओल चढली आहे. सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगून अर्धवटच उपाय मिळतात हे मी भोगून झालोय.

घराचा मागचा भाग जुना, मातीच्या विटांचा. पुढची न्हाणी आणि स्वयंपाकघर वडिलांनी १९९८ साली बांधलं. तेव्हा घरात नळ नव्हता. पाणी डोक्यावरून यायचं, त्यामुळे न्हाणीत दिवसाला चार-पाच बादल्या सांडायच्या. तेवढ्यासाठी एक अडीच इंची पाइप भिंतीतून बाहेर काढला आणि अंगणातल्या गोडलिंबाच्या (कढीपत्त्याच्या) आळ्यात सोडला. ते तेव्हा चाललं.

मग जलजीवन मिशन या सरकारी योजनेतून नळ घरात आला. मी गच्चीवर १००० लिटरची टाकी बसवली, न्हाणीत शॉवर, स्वयंपाकघरात सिंक, मागे वॉशिंग मशीन. या योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पाहुणे आले की आमच्याकडे तीनशे लिटर सहज वापरलं जातं. पण हे सगळं पाणी बाहेर जातं त्याच अडीच इंची पाइपातून. आत येणाऱ्या पाण्यावर मी पैसे घातले आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा विचारच केला नाही. गावात घरोघरी हेच झालंय, म्हणून धागा काढतोय.

आजवर काय केलं: तालुक्याहून एक माणूस तीनदा आला. तिन्ही वेळा अ‍ॅसिडची बाटली ओतली, पाणी गेलं, पैसे घेतले. तिन्ही वेळा मिळून एकवीसशे रुपये. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. आता देवघरातली शहाबादी फरशी एका कोपऱ्यात अर्धा इंच उचलली गेलीय, प्लास्टरचे पोपडे निघतात आणि तुरीच्या डाळीच्या कोठीखाली बुरशी आली. आई म्हणते, भिंतीला टाइल लावून टाक. दुकानदार वॉटरप्रूफ रंगाचा डबा पुढे करतो. मला आधी कारण कळायला हवं. कोणी या कामातले आहेत का?

पाइपपाना | २८ जून, रात्री १०:०२

भाऊ, मी पुसदच्या बाजूले प्लंबिंग करतो, आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड केलेला हाय, वरून सतरा वर्षं हातात पाना. पहिले हे सांगा, ओल कवा वाढते? रोज सारखीच हाय, का आंघोळी झाल्यावर वाढते, का पाऊस पडल्यावरच?

कोणी नाई वापरलं तरी ओल कमी होत नसन तर येणारी लाइन गळते, काऊन का टाकीचा दाब चोवीस तास तिच्यावर असते. आंघोळीनंतर वाढत असन तर जाणारी लाइन फुटली. पावसानंतरच येत असन तर छत नाही तर पायव्याजवळ साचलेलं पाणी. हे तीन एकमेकात घोळले का मंग घरभर फोडत बसा लागते.

दोन गोष्टी करून पाहा. एक, रात्री झोपतांनी टाकीत खडूनं पाण्याची रेघ मारा, सगळे नळ बंद, सकाळी पाहा. गोल टाकी साडेतीन फूट रुंद असली तर एक इंच पाणी उतरलं म्हणजे २३ लिटर गेलं. दोन, बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ घोळा, न्हाणीच्या जाळीतून ओता, आन् मंग घराभोवती फिरा. निळं पाणी कुठं निघते थे पाहा.

आन् हात जोडतो, अ‍ॅसिड आता टाकू नका.

धाबं | २९ जून, सकाळी ७:३५

आमच्याकडेही अगदी असंच. भिंतीला पांढरी भुकटी सुटते, बोट लावलं की खारट लागते. टाइल लावावी का हा प्रश्न मलाही आहे.

सिमेंटरेती | २९ जून, सकाळी ११:२०

@धाबं, ती भुकटी म्हणजे लोणा. विटेत किंवा जमिनीतल्या पाण्यात विरघळलेले क्षार पाण्यासोबत भिंतीत वर चढतात, पाणी हवेत उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. प्लास्टरच्या आत त्यांचे खडे बनतात तेव्हा ते प्लास्टर फोडून बाहेर येतात. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल मुळातच खारं. त्याच पाण्यानं बांधकाम केलं, त्याच पाण्यानं भिंतीवर पाणी मारलं, म्हणजे क्षार पहिल्या दिवसापासून भिंतीत आहेत. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइपही या पाण्यानं आतून खाल्ले जातात. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो आणि पाना लावला की आटे हातात येतात.

टाइल लावू नका. टाइल किंवा प्लास्टिकचा रंग लावला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल टाइलच्या वर, आणखी दोन फुटांवर निघते. मातीच्या विटेच्या भिंतीला तर हे फारच घातक.

धागाकर्त्यांना: फरशी उचलली गेली हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो तो याचमुळे. तुमच्या फरशीखाली एकाच कोपऱ्यात माती फुगलीय म्हणजे तिथे रोज पाणी पोचतंय. पाऊस सगळीकडे पडतो, तो एकच कोपरा उचलणार नाही.

पूर्णाकाठी | ६ जुलै, संध्याकाळी ६:४५

शनिवारी दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. खडूची रेघ सकाळी जिथल्या तिथे होती. म्हणजे येणारी लाइन ठीक.

निळीची बादली ओतली. गोडलिंबाच्या आळ्यात निळं पाणी आलं, पण फार थोडं, जेमतेम तांब्याभर असेल. बाकीचं गेलं कुठे म्हणून आई कंदिलाच्या जागी आता ठेवलेली बॅटरी घेऊन भिंतीच्या कडेनं फिरत होती. पाऊण तासानं तिनंच हाक मारली. न्हाणीचा पाइप ज्या ठिकाणी भिंतीतून बाहेर पडतो त्याच्या हातभर खाली, जोत्याच्या दगडांच्या सांध्यातून फिकट निळी ओल उमटली होती. देवघराचा कोपरा बरोबर त्याच्या आतल्या बाजूला येतो.

@पाइपपाना, आता खोदायचं का? आणि कसं?

पाइपपाना | ६ जुलै, रात्री ९:३०

सापडलं म्हणायचं. आमच्या भागात दहातले सात पाइप याच जागी तुटतात, भिंतीतून बाहेर निघते तिथं. घर जोत्यावर उभं हाय, थे हालत नाई. अंगणातली माती पावसाळ्यात वर येते, उन्हाळ्यात खाली बसते. पाइप अर्धा भिंतीत सिमेंटनं आवळलेला, अर्धा मातीत. मंग थो भिंतीच्या तोंडाशीच मोडन नाई तं काय करन?

दरवेळी तुंबाचं कारणबी हेच असन. फटीतून माती आत येते, त्यावर साबण आन् राख बसते. बोअरचं पाणी जड असलं का साबणाचा फेस होत नाई, पांढरा चिकट थर होते. आपल्या इकडं भांडे राखेनं घासतात, थे राख त्या थरात मिसळली का गारा होते. अ‍ॅसिड वरचा थर थोडा खाते, वाट होते, माणसाले वाटते काम झालं. राख-माती तशीच राहते. उलट अ‍ॅसिड सिमेंटचे सांधे खाते.

तुंबलेलं काढाची रीत सांगतो. पहिले जाळी उचलून हातानं केस काढा. मंग रबरी पंप. दुसरं तोंड असन, सिंकचं नाई तं मशीनचं, तर तिथं ओला फडका दाबून धरा, नाई तं जोर तिकडून निघून जाते. त्यानं नाई झालं तर स्प्रिंग, म्हणजे पाइपात घालून फिरवाची लांब पिळाची तार. स्प्रिंग एकाच बाजूनं फिरवायची. उलटी फिरवली का पाइपातच पीळ सुटते आन् तुकडा आत राहते, मंग खोदाशिवाय उपाय नाई.

आता दुरुस्ती. अडीच इंची पाइप काढून टाका. तीन इंची घ्या, पुढं सिंक आन् मशीन मिळते तिथून चार इंची. उतार चार फुटाले एक इंच. लोक म्हणतात जितका जास्त उतार तितकं चांगलं, तसं नाई. खूप उतार दिला का पाणी पळून जाते आन् राख-खरकटं मागं राहते.

भिंतीत पाइप सिमेंटनं आवळू नका. त्याच्यापेक्षा मोठ्या पाइपाचा तुकडा भिंतीत बसवा, त्याच्यातून आपला पाइप न्या, मधली जागा डांबर लावलेल्या सुतळीनं भरा. भिंतीबाहेरचा पहिला सांधा रबरी रिंगचा घ्या, सोल्युशननं चिकटवलेला नाई. थो थोडा हालू शकते. पाइपाखाली चार इंच रेती, चारी बाजूनं रेती, वरून मुरूम. खोदलेली काळी माती परत खड्ड्यात जाऊ देऊ नका, मजूर तेच करन, तुमी उभे राहा.

आन् वळण जिथं असन तिथं चेंबर, म्हणजे उघडून साफ करता येईन अशी झाकणाची कुंडी. चेंबर नाई ठेवलं तर पुढच्या वेळी पुन्हा फोडाच लागते.

जलसुरक्षक_वर्धा | ७ जुलै, सकाळी ८:१५

अ‍ॅसिडबद्दल एक गोष्ट कृपा करून सगळ्यांनी वाचा. मोरीत अ‍ॅसिड ओतलं आणि वास जावा म्हणून मागून ब्लिचिंग पावडर टाकली, असं मी दोन घरांत पाहिलंय. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत माणूस खोकत खाली बसतो. एका घरातल्या काकूंना दवाखान्यात न्यावं लागलं. दोन्हींपैकी एकच, आणि मध्ये भरपूर पाणी. अ‍ॅसिड ओतलेल्या पाइपावर कुणाला कामाला बोलावलं तर त्याला आधी तसं सांगा. तो खाली वाकून सांधा उघडतो आणि ते पाणी त्याच्या तोंडावर उडतं.

दुसरं, फुटलेल्या सांडपाण्याच्या लाइनजवळ विहीर असेल तर तिच्याकडे आधी बघा. पावसाळ्यात आम्ही टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकतो त्याचा हिशोब देतो, घरच्या विहिरीला कामी येईल. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा, मग ३.१४ नं गुणून ४ नं भागा. आले तेवढे घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर आणि तेवढ्याला चांगली पावडर २.५ ग्रॅम. ३ मीटर रुंद विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर साधारण २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवायची, खडे खाली बसू द्यायचे, वरचं निवळ विहिरीत सोडायचं. तासभर पाणी काढायचं नाही. नंतर पाण्यात क्लोरीन उरलाय का ते ओटी टेस्टनं तपासायचं. गढूळ पाण्याला हे प्रमाण पुरत नाही, आणि पावडरचा डबा उघडा राहिला असेल तर तिच्यातला जोर गेलेला असतो.

कवेलू | ८ जुलै, दुपारी ३:०५

मी पवनी तालुक्यातली. ओलीबद्दल लिहिणं चाललंय म्हणून आमचं सांगते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा आमच्या घरात चार फूट पाणी दीड दिवस होतं. घर कवेलूचं (कौलारू), भिंती मातीच्या, पुढची एक खोली सिमेंटची.

पाणी ओसरलं तसे सगळे आत धावले. माझ्या सासऱ्यांनी सगळ्यांना दारातच थांबवलं आणि खांबावरून आलेली वायर लाइनमनकडून काढून घेतली. ते त्या दिवशी अडून बसले नसते तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करते, कारण मीटरच्या पेटीतून पाणी गळत होतं. मोटर आणि तिचा स्टार्टर आम्ही पंधरा दिवस चालू केला नाही. मिस्त्रीनं उघडून वाळवला, तपासला, मगच.

दुसरं त्यांनी करायला लावलं ते म्हणजे काहीही हलवायच्या आत फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, कोठ्या, गाद्या, सगळं. तलाठी पंचनाम्याला आले तोवर शेजारच्यांनी झाडून घेतलं होतं आणि त्यांना दाखवायला काही उरलं नव्हतं.

गाळ ओला असतानाच काढा. आम्ही पुढच्या खोलीतला त्याच दिवशी काढला, फावडं आणि पाणी पुरलं. मागच्या खोलीतला तीन दिवसांनी काढायला गेलो तर पहार लागली आणि पहारीनं भिंतीचा पाया उकरला गेला. मातीच्या भिंतीवर पाण्याचा जोरात मारा करू नका, ती आधीच भिजून जड झालेली असते. कोपऱ्यातून, अडगळीतून हात घालू नका, काठीनं उचका. आमच्याकडे उलथलेल्या सुपाखाली विंचू निघाला होता.

कापसाच्या गाद्या, उशा वाचत नाहीत. मी एक गादी मायेपोटी ठेवली, उन्हात घातली, वरून कोरडी वाटली. महिन्यानं उसवली तर आत काळी पडली होती. ती आईनं भरलेली गादी होती. भिजलेलं धान्यही नाही ठेवायचं. भांडी, स्टीलच्या कोठ्या, लाकडी पाट धुऊन ब्लिचिंगच्या पाण्यातून काढून उन्हात.

बुरशी दोन दिवसांतच धरायला लागते, म्हणून दारं-खिडक्या दिवसभर उघड्या. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर. प्लास्टर ओलं असताना रंग मारू नका. दिवाळी आली म्हणून आम्ही पुढच्या खोलीला ऑइलपेंट मारला, संक्रांतीपर्यंत फोड आले. मागच्या मातीच्या खोल्यांना चुना दिला होता, त्या उन्हाळ्यात खडखडीत वाळल्या.

@पूर्णाकाठी, तुमच्या आईंची डाळीची कोठी तेवढी तिथून हलवा. पाइपाचं काम होईपर्यंत थांबू नका.

धाबं | ८ जुलै, रात्री ८:५०

खूप उपयोगी चर्चा. एक शंका: हे सगळं सांडपाणी संडासाच्या टाकीत सोडलं तर? खोदकाम तरी वाचेल. आमची टाकी भरत आलीय, गावातला एक जण आत उतरून काढून देतो म्हणतो.

सिमेंटरेती | ८ जुलै, रात्री ९:४०

दोन्हीला स्पष्ट नाही.

दोन खड्ड्यांच्या संडासात न्हाणीचं पाणी सोडलं की खड्डा कोरडा होऊच शकत नाही. एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरायचा आणि पहिला वर्ष-दीड वर्ष तसाच ठेवायचा, मग त्याचं खत होतं, ही त्याची रचना. काळी माती मुळातच पाणी हळू शोषते. त्यात तीनशे लिटर रोज घातलं तर मैलाच वर येईल.

आणि टाकीत माणूस उतरवू नका. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेले असतात. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असं आत उतरवणं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं. उपसा करणारी गाडी तालुक्याहून मागवा. झाकण उघडल्यावर काडी ओढून आत बघू नका.

पाइपपाना | ८ जुलै, रात्री १०:१०

सिमेंटरेती भाऊंच्या शब्दाशब्दाशी सहमत. माह्या ओळखीचा एक पोरगा असाच गेला. एकोणीस वर्षाचा होता. गाडी मागवा.

पूर्णाकाठी | २१ जुलै, रात्री ८:३०

काम झालं. उशीर झाला कारण मध्ये सलग पाच दिवस पाऊस होता आणि पाइपपाना यांनी फोनवर सांगितलं की चिखलात रेती बसत नाही, थांबा. ते तीनदा वेळ काढून बोलले, मनापासून आभार.

भिंतीजवळ दोन फूट खोदल्यावर पाइप दिसला. एल्बो भिंतीच्या तोंडाशी उभा चिरलेला, आणि पाइप त्याच्यातून निसटून अंगठाभर खाली बसलेला. त्या फटीतून गोडलिंबाची मुळं आत गेली होती. पाइप कापून आडवा धरला तर आतून दीड हात लांब मुळांचा झुपका निघाला, केसांसारखा बारीक, त्यावर राखाडी साबणाचा थर आणि मध्ये आईच्या बांगडीचा एक हिरवा तुकडा. दरवेळी अ‍ॅसिडनं या झुपक्याची फक्त टोकं जळत होती.

सांगितल्याप्रमाणे केलं. न्हाणीपासून तीन इंची, पुढे चार इंची, एकूण अठरा फूट, उतार साडेचार इंच. तो आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून मोजला. भिंतीत मोठा तुकडा, डांबराची सुतळी, बाहेर रिंगचा सांधा. वळणावर एक आणि शेवटी एक, अशी दोन चेंबर. मजूर जेवायला गेले तेव्हा मी उभा होतो, आणि परत आल्यावर त्यांनी पहिलं फावडं काळ्या मातीचंच उचललं. थांबवलं. मुरूम एक ट्रॉली लागला.

शेवटी शोषखड्डा केला. काळ्या मातीत तो लवकर भरेल याची कल्पना आहे, म्हणून त्याच्या वरच्या अंगाला पाइप काढून जादा पाणी केळीच्या आळ्यात सोडलं. गोडलिंब आईनं तोडू दिला नाही. पाइप त्याच्यापासून सहा फूट लांबून नेला, त्यात खर्च वाढला, पण ते झाड वडिलांनी लावलेलं आहे.

संध्याकाळी आईनं निळीच्या पाण्याच्या दोन बादल्या एकदम ओतल्या आणि मी शेवटच्या चेंबरवर बॅटरी धरून बसलो. निळं पाणी घसघसत आलं आणि थांबलं, मागे काही राहिलं नाही. जोत्याच्या दगडाजवळ रात्री दोनदा जाऊन हात लावून पाहिलं. कोरडा.

भिंत मात्र अजून ओली आहे. डाळीची कोठी स्वयंपाकघरात नेली, देव तात्पुरते पुढच्या खोलीत. पुढच्या शनिवारी देवघराचं खालचं तीन फूट प्लास्टर काढून भिंत दिवाळीपर्यंत उघडी ठेवणार आहे. @कवेलू ताई, चुना कोणता आणलात, भट्टीचा कळीचा चुना घरी विरवला की तयार पिशवी? आणि मातीच्या विटेवर पहिला हात देण्याआधी भिंत नुसती झाडून घ्यायची की पाण्यानं पुसायची?